पिवळ्या चौकोनातले घणमास्तर

घण उचलण्याआधी मास्तर टीव्हीला नमस्कार करत. हात जोडून नव्हे. दोन्ही तळवे मांड्यांना चिकटवून ते कमरेत वाकत आणि मनात तीन आकडे मोजेपर्यंत मान खालीच ठेवत. मग सरळ होऊन त्या टीव्हीला आईवरून एक शिवी देत आणि घण घालत. पहिला घाव पडद्यावर, दुसरा आतल्या सर्किटच्या मुख्य पाटीवर, तिसरा वीज घेणाऱ्या भागावर. काचेचे तुकडे जाळीच्या मुखवट्यावर ताडताड आपटत. तिसऱ्या घावानंतर घणाचा दांडा जमिनीला टेकवून ते म्हणत, "मेला." मग मी वहीत त्या नगाचा क्रमांक लिहून पुढे खूण करी. बारा वर्षं हे माझं काम होतं. घरी जाऊन झोपले तरी माझ्या कानात काच फुटत असे.

आमचं गोदाम ठाण्याजवळच्या कशेळीला, खाडीच्या काठी. एका जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा बिघडून परत आलेला माल तिथे येई. दुरुस्त होण्याजोगी वस्तू दुरुस्तीला जाई, न होणारी फोडायची, असा कंपनीचा नियम होता. फोडायची तीही माणसाच्या हाताने, जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या चौकोनात आणि वर टांगलेल्या कॅमेऱ्यासमोर. महिनाभराचं चित्रण जपानच्या मुख्य कचेरीत जाई आणि तिथे कुणीतरी बसून ते खरोखर बघे. कधी एखादा घाव कमी पडला, तर तिकडून नगाच्या क्रमांकासह विचारणा येई. मी ठाण्याच्या एका वर्गात जपानी शिकले होते, म्हणून ही पत्रं वाचणं आणि नियमपुस्तक मराठी-हिंदीत आणणं माझ्याकडे होतं. भिंतीवर पेंटरकडून एक वाक्य मीच लिहून घेतलं होतं : 'चौकोनाबाहेर फोडलेले ते फोडलेले नाही.' मास्तरांना वाचायला वेळ लागे. त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचलं आणि म्हणाले, "बाय, झकास लिवलास. आता कोन भांडंल माझ्याशी?"

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई. मराठी माणसं त्यांना घणमास्तर म्हणत, उत्तरेकडची मास्टरजी. गाव खारबावच्या पलीकडे, डोंगराच्या पोटातला एक पाडा. तरुणपणी ते कंपनीच्या ठाण्यातल्या कारखान्यात ओझी उचलायला लागले. रंगीत टीव्हीची जुळणी सुरू झाली तेव्हा सात जणांना शिकायला जपानला पाठवायचं ठरलं. त्यातला एक ऐनवेळी तापाने पडला आणि त्याच्या जागी मास्तर गेले. "मला कोनी निवडला न्हाय," ते सांगत. "विमानात एक खुर्ची मोकली व्हती, ती भरली." तीन महिने तिकडे काढून ते परत आले, ते एका म्हाताऱ्या फोरमनची चाल, त्याचा राग आणि त्याचा नमस्कार घेऊन. पुढे ठाण्याचा कारखाना बंद पडला, बाकीचे सहा पांगले आणि मास्तर कशेळीच्या गोदामात घण घेऊन उभे राहिले.

हे काम यंत्राने का करत नाहीत, असं एकदा बाहेरून आलेल्या तपासनिसाने विचारलं. मास्तरांनी मुखवटा वर केला आणि म्हणाले, "यंत्राला लाज वाटत न्हाय, साहेब." मी ते जपानीत करून अहवालात घातलं. महिनाभराने तिकडून उत्तर आलं, की हे वाक्य कुणाचं आहे ते कळवा, आमच्या संस्थापकांनी जवळजवळ हेच म्हटलं होतं. मास्तरांना सांगितलं तर ते चिडले. "जवळजवळ काय? त्याचाच हाय. मी कशाला माझा सांगू?"

मी कंपनीचा इतिहास मराठीत आणत होते तेव्हा आमची खरी भांडणं झाली. नव्या कामगारांना वाटण्यासाठी छोटी पुस्तिका करायची होती. मूळ पुस्तक गुळगुळीत कागदाचं, प्रत्येक पानावर हसणारी माणसं. त्याची सुरुवात अशी : दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा शहर जळून गेलं होतं. सायकली दुरुस्त करायच्या एका पडवीत चार माणसांनी लष्कराच्या मोडक्या बिनतारी यंत्रांतून रेडिओ बनवायला घेतले. रेडिओ खपू लागले. मग एका शाळामास्तरणीने ओल्या हाताने बटण फिरवलं आणि विजेचा धक्का बसून ती जागीच गेली. संस्थापकाने त्या खेपेचे सगळे रेडिओ घरोघर जाऊन हातगाडीवर परत आणले, अंगणात मांडले आणि ज्याने जो जोडला त्याने तो फोडावा असं फर्मान काढलं. एक कामगार तयार होईना. पुस्तकात पुढचं वाक्य होतं : 'संस्थापकांनी त्याला स्नेहाने समजावले.' दुपारच्या सुट्टीत मी ते मास्तरांना वाचून दाखवलं.

"स्नेहाने?" मास्तरांच्या हातातली भाकर थांबली. "कानाखाली काढली त्याच्या. अशी काढली का पडदा फाटला कानाचा. तो कामगार म्हंजे माझा फोरमन. जलमभर एका कानान बहिरा. मी त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला उभा राहून काम शिकलू."

"मास्तर, पुस्तकात जे आहे तेच मला लिहावं लागेल."

"मंग पुस्तकात शाळामास्तरीण बी स्नेहाने मेली असंल!"

मी हसले, पण त्यांचं ऐकल्यावर ते वाक्य मला लिहवेना. पुढच्या प्रकरणात संप होता. पुस्तकाप्रमाणे तो 'परस्पर संवादातून' मिटला. मास्तरांच्या फोरमनने सांगितलेल्या हकिकतीत कामगारांनी संस्थापकाला दोन दिवस त्याच पडवीत कोंडलं होतं, भाताचा वाडगा तोंडावर मारून त्याचे पुढचे दोन दात पाडले होते आणि बाहेर आल्यावर त्याने रक्त पुसत पहिली मागणी मान्य केली, ती लाल दोरीची. जुळणीच्या पट्ट्यावरून लाल दोरी टांगायची. चूक दिसली की झाडूवालासुद्धा ती ओढून सगळं काम थांबवू शकेल आणि त्याला कुणी जाब विचारणार नाही. "दोन दात गेलं तवा एक दोरी आली," मास्तर म्हणाले. "ह्या कंपनीत फुकट काय पन झाला न्हाय." मी पुस्तिकेत 'स्नेहाने' आणि 'संवादातून' हे दोन्ही शब्द गाळले. त्यांच्या जागी काही घातलं नाही. तेवढंच धैर्य माझ्यात होतं.

मास्तरांचा हात फार लवकर उठे. खोक्यावर कुणी बसलेलं दिसलं की हातात असेल ते फेकून मारत. पक्कड, टेपचं रीळ, एकदा चहाने भरलेला ग्लास. रामसूरत नावाचा जौनपूरकडचा एक हमाल होता, अंगाने मास्तरांच्या दीडपट. फोडायला ठेवलेल्या टीव्हीतली वीज घेणारी पाटी काढून त्याने जेवणाच्या डब्यात लपवली आणि गेटवर सापडला. मास्तरांनी त्याला असं मारलं की तो मागच्या लोखंडी मांडणीवर आदळला आणि त्याचं डोकं फुटलं. रामसूरतने पडल्या पडल्या पॅलेटची फळी उचलली आणि मास्तरांच्या कपाळावर घातली. दोघं रक्ताने न्हालेले, एकमेकांच्या कॉलरी धरून उभे. सुटे करायला सहा माणसं लागली. तेव्हाच्या मॅनेजरांनी पोलिसांना बोलवायचं म्हटलं. मास्तर कपाळावर फडकं दाबून म्हणाले, "पोलीस कशाला? उद्या सकाली बगतू मी."

सकाळी कामाआधी आम्ही सगळे रांगेत उभे राहत असू, ही जपानची पद्धत. त्या दिवशी मास्तर रांगेसमोर आले, कपाळाला चार टाके. त्यांनी रामसूरतला पुढे बोलावलं आणि गाल पुढे केला.

"मार."

"मास्टरजी, कल पटरे से मारा तो था. अब क्या बाकी है?"

"वो भांडन था. ये नियम है. मुकादम हात उठायेगा तो दुसरे दिन सब के सामने खायेगा. जपान में म्हाताऱ्या मालकने बी खाया था. मार."

रामसूरतने गालाला नुसता हात लावला.

"माशी उडाता है क्या बे? तेरे घर में कोई मरद नहीं पैदा हुआ?"

दुसरी थप्पड गोदामभर घुमली. मास्तर एक पाऊल मागे गेले, डोळ्यांतलं पाणी बाहीने पुसलं आणि म्हणाले, "हां. बराबर." मग ती चोरलेली पाटी चौकोनात ठेवून घण रामसूरतच्या हातात दिला. त्या दिवसापासून मास्तरांसाठी कुणाशीही मारामारी करायला रामसूरत तयार असे आणि दोनदा त्याने ती केलीही.

एका पाटीसाठी एवढं रक्त का, हे मी फार उशिरा विचारलं. मास्तरांनी जवळच्याच कामतघरची गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या दिवसांत ते फक्त पडदा फोडत, एकच घाव. भंगारवाल्यांनी असे टीव्ही उचलले, जुने पडदे बसवले आणि बाजारात विकले. आतला सदोष भाग तसाच राहिला. कामतघरच्या एका चाळीत पॉवरलूमवर काम करणाऱ्या माणसाच्या खोलीत असा एक टीव्ही भर दुपारी पेटला. तो ड्युटीवर होता. आत त्याची बायको आणि सासू, दोघी गेल्या. तपासासाठी कंपनीतर्फे मास्तरांना पाठवलं. जळलेल्या सांगाड्याच्या पाठीवर नग फोडल्यावर त्यांनी स्वतः खडूने काढलेली फुली अजून दिसत होती. "मी मारलेला टीवी, बाय. मी मेला म्हनून सोडला नि त्यान दोन बाया खाल्ल्या." तो लूमवाला दारात बसला होता. मास्तरांनी त्याला सांगितलं, की हे माझ्या हातचं काम. त्याने त्यांना मारलं नाही. "मारला असता तर बरा व्हता," मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून तीन घाव सुरू झाले आणि त्यांच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली : वाईट वस्तू गेटाबाहेर जाता कामा नये. बाकी सगळ्यावर ते तडजोड करत, सुट्टीवर, पगारावर, स्वतःच्या कमरेवरसुद्धा. यावर नाही.

एकदा मी त्यांच्या पाड्यावर गेले होते, वाघदेवाच्या पूजेला. कुडाच्या भिंतीवर कंपनीचं दहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर, बर्फाच्या डोंगराचं. देवापुढे कोंबडा द्यायची वेळ आली तेव्हा मास्तर उठून गवताच्या भाऱ्यामागे गेले. त्यांच्या बायकोने, आम्ही तिला जिजी म्हणत असू, एका हाताने कोंबडा धरला, दुसऱ्या हाताने सुरी चालवली आणि मला म्हणाली, "बगतेस ना? कंपनीत घन घालतो. हितं कोंबडा ओरडला का हा पलतो."

भाऱ्यामागून आवाज आला, "कोंबड्यात काय बिघाड हाय? चांगल्याला कशाला मारू?"

"चांगल्याला मारू नको, पन खायाला पयला बसतोस!" जिजी म्हणाली, आणि सगळा पाडा हसला.

गेल्या काही वर्षांत कंपनी आतून मोडत गेली. ते मला पत्रांतून कळे. संस्थापकाचा नातू अध्यक्षपदावरून गेला. टीव्हीचा विभाग एकाने घेतला, बॅटरीचा दुसऱ्याने, नाव तेवढं जुनं राहिलं. जपानी पत्रांच्या जागी इंग्रजी मेल येऊ लागले. मग एका पावसाळ्यात चार ओळींचा मेल आला : फोडण्याचं चित्रण यापुढे पाठवू नये, ते बघणारा विभाग बंद झाला आहे. मी तो दोनदा वाचला. खिडकीतून मास्तर दिसत होते. चौकोनाची उडालेली पिवळी कड ते स्वतः ब्रशने रंगवत होते. कॅमेऱ्याकडे बघून अधूनमधून सरळ होत, जणू तिकडे तो बहिरा फोरमनच बसला आहे. मी मेल बंद केला. सांगू पुढे कधीतरी, असं ठरवलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत राहिले. सहा महिने गेले.

मग नवे मॅनेजर आले आणि पाठोपाठ दिव्यांची खेप आली. वीज गेल्यावर लागणारे, चार्ज करायचे छोटे दिवे. त्यांच्या बॅटऱ्या फुगत होत्या. काहींची प्लास्टिकची पाठ फुटून पोट बाहेर आलं होतं. चाळीसेक खोकी. मास्तरांनी एक दिवा कानाशी धरून हलवला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "ह्याला गोड वास येतो. हा लई वाईट हाय." दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी सांगितलं, की ही खेप फोडायची नाही. कंपनीचं लेबल काढायचं आणि एका व्यापाऱ्याला द्यायची. ट्रक दुपारी तीनला येईल.

मास्तर गोदामाबाहेर, गेटाशी असलेल्या केबिनमध्ये गेले. मी तिथेच कागद घेऊन उभी होते.

"साहेब, हे दिवे कुठं जानार?"

"इंटीरियर में. गाँव-वाँव में. वहाँ लाइट रहती कहाँ है."

"म्हंजे आमच्या बाजारात."

"मास्टर, ये गोदाम है, मंदिर नहीं. पूजा बंद करो, लोडिंग करो." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, गेटपास बनाओ."

मास्तरांनी टेबलावरचा दिवा उचलला आणि मॅनेजरांच्या छातीवर फेकला. "तुझ्या पोराच्या उशाशी ठेव!" साहेब खुर्चीसकट मागे कलंडले. रामसूरत आणि दोघांनी मास्तरांना धरून बाहेर आणलं. साहेब केबिनचं दार आतून लावून फोनवर ओरडत होते. तेव्हा साडेबारा वाजले होते.

"बाय, गेटपास करू नको," मास्तर म्हणाले.

"मी नाही केला तर ते स्वतः करतील."

"मंग तीनच्या आत फोडू."

मी खोक्यातलं सुरक्षेचं पत्रक काढून त्यांना वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. बॅटरीवर घाव घालू नये, भोक पाडू नये, भडका उडतो, धूर विषारी असतो. निकामी करायची तर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावी.

"किती येल?"

"काही दिवस."

"तीन वाजता टरक हाय." त्यांनी हाताची बोटं मोडली. "सगल्यांना भाईर काढ."

"मास्तर, निदान उघड्यावर घ्या. मागच्या अंगणात. आत छप्पर आहे, मागे पुठ्ठ्याची खोकी आहेत."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "वाच. तूच लिवलास. भाईर फोडला तर ह्यो साहेब सांगंल, माल शाबूत हाय, चोरीला गेला. जपान काय बगनार? चौकोनात फोडला म्हंजे जपानन बगितला. मंग ह्याचा बाप पन दिवा विकू शकनार न्हाय."

आता सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं ते : मास्तर, तिकडे कुणी बघत नाही. माझं तोंड उघडलंही. पण ते कॅमेऱ्याकडे बघून सदऱ्याची बटणं लावत होते, आणि त्या चेहऱ्यासमोर मला ते वाक्य काढता आलं नाही. मी म्हटलं, "पाण्याची बादली तरी जवळ ठेवा." बारा वर्षांत मी त्यांना सांगितलेलं हे सगळ्यात निरुपयोगी वाक्य.

त्यांनी चौकोनात मावतील तेवढी खोकी ओतली, शटर कमरेपर्यंत खाली ओढलं आणि आम्हाला बाहेर उभं केलं. खालच्या फटीतून आम्ही वाकून बघत होतो. ते वाकले. तीन मोजले. शिवी दिली. पहिले पाच-सहा दिवे नुसते चेचले गेले. सातव्याने साप फुसफुसावा तसा आवाज केला, पांढरा धूर सोडला आणि मग फटाक्यासारखा फुटला. मास्तरांनी जळता तुकडा लाथेने ढिगात ढकलला. तेव्हा मला कळलं की भडका टाळायचं त्यांच्या मनात नव्हतंच. आग त्यांना कामाला लावायची होती. ढीग पेटला. एकातून दुसरा, दुसऱ्यातून दहा, सुतळी बाँबची माळ लागावी तसे दिवे फुटू लागले. निखारे छपरापर्यंत उडाले आणि मागच्या पुठ्ठ्यांवर पडले. धुरात घण वरखाली होताना दिसत होता. पँट पेटली होती तरी ते मारत होते. चौकोनाबाहेर उडालेले दिवे घणाच्या तोंडाने ओढून आत घेत होते आणि मग मारत होते.

"मास्टरजी! छोड़ दो! बाहर आओ!" रामसूरत ओरडत शटरखालून घुसला. मास्तरांनी त्याला कोपराने तोंडावर मारून मागे पाडलं. "दोन खोकी राह्यली!" हे मी गोदामात ऐकलेलं त्यांचं शेवटचं वाक्य. मग छपराचा पत्रा वाकून खाली आला. रामसूरतने ओठातून रक्त गळत असताना त्यांना पायांना धरून फरफटत बाहेर आणलं. हातांची कातडी घणाच्या दांड्याला राहिली होती. तीन वाजता ट्रक आला, तेव्हा रस्त्यावर बंबांची रांग होती. गोदाम संध्याकाळपर्यंत जळत राहिलं. दिवा एकही उरला नाही.

मुंबईच्या जळीत वॉर्डात ते सहा दिवस होते. पाचव्या दिवशी जिजी औषधं आणायला खाली गेली तेव्हा मला आत सोडलं. पट्ट्यांमधून डोळे आणि ओठ तेवढे दिसत होते.

"चित्रण गेला का जपानला?" त्यांनी विचारलं. आवाज कागद चुरगाळावा तसा.

हो म्हणता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. पण हा माणूस गाल पुढे करून उभा राहणारा होता. माझ्याकडे मागे हटायला जागाच नव्हती. मी सांगितलं. विभाग बंद झालाय, मेल आला होता, सहा महिने माझ्याकडे होता. चौकोन कुणीच बघत नव्हतं.

त्यांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग भाईर उन्हात फोडला असता."

राग नव्हता त्यात. एखादं काम आणखी नीट कसं करता आलं असतं, याचा ते विचार करत होते. मग विचारलं, "एक पन गेला न्हाय ना भाईर?"

"एकही नाही, मास्तर."

त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

पाड्यावर त्यांचे दिवस घातले तेव्हा मी गेले. माणसं अंगणात बसली होती. रामसूरत एका कडेला, ओठावर अजून खपली. जिजीने मला मधे बसवलं आणि म्हणाली, "तो कसा मेला, ते आमच्या मानसांना सांग. कंपनीचा मानूस आला नि पाकीट देऊन गेला. सांगला काय न्हाय. तू लिवनारी हायस, तू सांग." मी सांगितलं. दिवे, ट्रक, घण, आग. एका म्हातारीने मधेच विचारलं, "ते दिवे आपल्या बाजारात आले असते?" मी हो म्हटलं. तिने पदराने तोंड झाकलं. मग मी मेलचंही सांगितलं. ते सांगताना माझा आवाज इतका खाली गेला, की जिजीला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"सा म्हयनं तुला ठाव व्हता?"

"हो."

"नि तू बोलली न्हायस."

"नाही."

जिजी माझ्याकडे बघत राहिली. मी तिची नजर टाळली नाही, तेवढंच करू शकत होते. मग ती उठली, आत गेली. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. मी निघावं म्हणून चपला शोधू लागले, तोच ती पानावर भात घेऊन बाहेर आली. तिने पान माझ्यापुढे ठेवलं आणि वर डाळ ओतली, इतकी की ती कडेने वाहू लागली.

"सांगलास," ती म्हणाली. "आता जेव."

मी जेवू लागले. पान संपेपर्यंत ती माझ्यासमोर उकिडवी बसून होती.